अंगणाखालची टाकी

पिपरी मेघे, वर्धा
१२ फेब्रुवारी २०२४

ती. मामाजी,

नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि रुपावहिनींजवळ निरोप दिला तर अर्धाच पोचतो, म्हणून वहीचे कागद फाडून लिहायला बसले. शाळेतून येऊन तास झाला, अजून चहासुद्धा टाकलेला नाही. कारण चहाला पाणी कुठलं घ्यायचं तेच कळत नाही.

आमच्या मागच्या अंगणातली विहीर तुम्हाला माहीत आहे. जिनिंग फॅक्टरीच्या काळातली, आमच्या आणि शेजारच्या पद्माताईंच्या कंपाऊंडच्या मधोमध. ग्रामपंचायतीचा नळ एक दिवसाआड येतो, म्हणून स्वयंपाकाला, अंघोळीला आम्ही दोन्ही घरं विहिरीचंच पाणी वापरतो. संक्रांतीच्या सुमारास वरणाला रॉकेलसारखा वास येऊ लागला. आधी मला वाटलं, वरण शिजवायचा गंज नीट घासला गेला नसेल. मग अंघोळ झाल्यावर अंगाला वास राहू लागला. परवा सकाळी मी विहिरीत वाकून पाहिलं, तर पाण्यावर निळा-जांभळा तवंग. काठाजवळचा कढीलिंब वाळला, त्याच्या शेजारची सदाफुलीही.

वेदश्री बाळंतपणाला आली आहे, सातवा महिना चालू आहे. दोन महिने ती हेच पाणी प्यायली. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. बाटल्यांचं पाणी आणते आणि म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय. पण रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच असतं, की तिच्या पोटात काय गेलं असेल.

तुम्ही त्या जिनिंगमध्ये वीस वर्षं फिटर होता. हा प्लॉटही तुमच्याच सांगण्यावरून घेतला. आमच्या घराच्या जागी तेव्हा काय होतं? कसलं गोदाम, कसला खड्डा? आठवून लिहा. आणि एकदा येऊन जा. वास्तुशांतीला तुम्ही फाटकातूनच परत गेलात, जेवलासुद्धा नाहीत. यांचं काही बोलणं लागलं असेल असं मला इतकी वर्षं वाटत आलं. तसं असेल तर मी माफी मागते.

तुमची
ज्योत्स्ना


रोहणा, ता. आर्वी
१९ फेब्रुवारी

चि. ज्योत्स्ना,

आशीर्वाद. तुझं पत्र भेटलं. जावईबापू मले कधी काई बोलले नाई. ते मनातून काढून टाक.

तुमच्या जागेवर तेव्हा काईच नव्हतं. सरकी पडून राहे, मोडक्या गाड्या उभ्या राहत. विहिरीत कोणी टवाळानं डबा रिकामा केला असन. उपसून घ्या, ब्लिचिंग टाका. पोरीले विहिरीचं पाणी अजिबात देऊ नको, नळाचं दे, नाई तर टँकर बोलाव. वास येत असन तर मागच्या अंगणात जाऊच नका.

अन् एक सांगतो, खोदाखोदी करू नका. विहिरीच्या आजूबाजूले तर नाईच नाई. जमलं तर घर विकून टाका अन् आर्वीकडे या. इकडं हवा चांगली आहे.

माझी तब्येत बरी आहे. तूर निघाली. रुपा तुले नमस्कार सांगून राह्यली.

बापूराव


पिपरी मेघे
४ मार्च

ती. मामाजी,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. जागेवर काही नव्हतं म्हणता, आणि खोदू नका असंही म्हणता. काही नव्हतं तर खोदायला का नको? आणि वास आला म्हणून घर विकायचं? पंधरा वर्षं झाली या घराला. शिवाय तुमचं अक्षर असं थरथरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

विहीर उपसली. चार दिवसांत तवंग परत आला. पाण्याचा नमुना तपासायला दिला होता, त्यात डिझेल आहे असा रिपोर्ट आला. तो कागद मी पिठाच्या डब्याखाली ठेवला आणि वेदश्रीला दिसू दिला नाही. पण ती वेडी नाही. परवा मला म्हणाली, "आई, तू माझ्या पोटाकडे अशी का बघतेस?"

मग यांनी एका माणसाला बोलावलं. त्यानं लोखंडी सळई घेऊन सगळं अंगण ठोकून पाहिलं. धुण्याच्या दगडापाशी कंबरभर आत सळई गेली आणि टण्ण आवाज आला. पुढे चार पावलांवरही तेच, आणखी चार पावलांवरही. खाली लोखंडाची मोठी टाकी आहे मामाजी, जवळजवळ स्वयंपाकघराच्या भिंतीपर्यंत. पंधरा वर्षं आम्ही तिच्यावर पापड वाळवले.

हे म्हणतात, तुम्हाला ठाऊक होतं आणि प्लॉट खपावा म्हणून तुम्ही सांगितलं नाही. मी त्यांच्याशी भांडले. पण खरं काय ते तुम्हीच मला सांगा.

हिरालाल नावाचा भंगारवाला टाकी काढून न्यायला तयार आहे, बदल्यात लोखंड त्याचं. येत्या रविवारी, दहा तारखेला येतो. आधी एक माणूस आत उतरून गाळ काढणार, मग गॅस कटरनं तुकडे करणार. एका दिवसाचं काम, म्हणतो. मला वाटतं, एकदाची ती वस्तू आमच्या घराखालून निघून जावी.

ज्योत्स्ना


रोहणा
७ मार्च

चि. ज्योत्स्ना,

तुझं पत्र आता दुपारी भेटलं. रुपाले तुले फोन लावायले सांगून राह्यलो, की रविवारचं काम थांबवा. तिले कारण सांगितलं नाई. कारण मी आजवर कोणालेच सांगितलं नाई, तुझ्या मामीलेही नाई. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो.

टाकी आहे. जिनिंगचं इंजिन डिझेलवर चाले, त्याची टाकी. मले ठाऊक होतं. कारखाना बंद झाल्यावर प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्यानं मले सांगितलं की टाकी काढून विकली. मी पाहायले गेलो नाई. त्या जागेवर पाय ठेवायची माझी हिंमत नव्हती. तुले प्लॉट पाह्यजे होता, मी कागदावर नंबर पाहून हो म्हटलं. वास्तुशांतीले आलो तं फाटकातून ती विहीर दिसली, अन् मले समजलं तुमचं घर कुठं आहे. म्हणून मी परत गेलतो. तवाही टाकी निघाली असन अशी मनाची समजूत घातली.

आता खरं ऐक. १९८७ च्या मे महिन्यात टाकीच्या तळाले गाळ बसला होता. इंजिन घडी घडी बंद पडे. डिझेल काढून टाकी रिकामी केली अन् गाळ काढायले तानबाले उतरवलं. तानबा नाचणगावचा, माझ्या हाताखाली ऑइलमन होता. तो म्हणाला, "मिस्त्री, आज राहू द्या, उद्या सकाळी थंड्यात उतरतो." मी म्हणालो, "रिकाम्या टाकीले काय भेतं?" शेठ मांगं उभा होता, त्याले इंजिन संध्याकाळी चालू पाह्यजे होतं.

तो शिडीनं उतरला. दोन बादल्या वर दिल्या. तिसरी आली नाई. मी वाकून पाहिलं तं तो गाळात बसला होता, मुंडकं छातीवर टाकून. आम्ही वरून हाका मारत राह्यलो. दोर बांधलाच नव्हता. गळ टाकून वर काढेपर्यंत अर्धा तास गेला. सगळं संपलं होतं.

शेठनं लिहून घेतलं की तानबा दारू पिऊन कामावर आला अन् पडला. साक्षीदार म्हणून मी सही केली. ज्योत्स्ना, तानबानं कधी दारूले हात लावला नव्हता. त्याची बायको सीताबाई अन् पोरगा कार्तिक अजून नाचणगावातच राहतात. पोरगा तवा नऊ वर्षांचा होता. "बेवड्याचा पोरगा" म्हणून शाळेत त्याले चिडवत, हेही माझ्या कानावर आलं होतं. मी गप्प राह्यलो.

मंग कोणी त्या टाकीत उतरेना. इंजिनाचं जळकं तेल, पार्ट धुतलेलं डिझेल, सगळं तिच्यात ओतत गेले अन् वरून फरशी टाकून माती लोटली. तेच आता गंजून तुमच्या विहिरीत येऊन राह्यलं.

रिकामी टाकी भरल्या टाकीपेक्षा वाईट असते. आतली हवा माणूस मारते, अन् ठिणगी पडली तं सगळं उडवते. कोणाले आत उतरू देऊ नको. कटर तं फाटकाच्या आतही येऊ देऊ नको. हे काम शिकलेल्या लोकांचं आहे, भंगारवाल्याचं नाई.

जावईबापू म्हणतात ते अर्धं खरं आहे. प्लॉट खपावा म्हणून मी गप्प नव्हतो. पण गप्प होतो.

बापूराव


वर्धा
१३ मार्च

ती. मामाजी,

तुमचं पत्र सोमवारी आलं. शुक्रवारी महाशिवरात्रीची सुट्टी पडली. मी ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं.

रुपावहिनींचा फोन गुरुवारीच आला होता. "मामाजी म्हणतात काम थांबवा, कारण पत्रात आहे," एवढंच. हे म्हणाले, "हिरालालला काय सांगू? रोहण्याच्या म्हाताऱ्याला वाटतं म्हणून?" मी म्हटलं, पत्र येईपर्यंत थांबू. ते म्हणाले, रोज पाण्यात विष उतरतंय आणि तू पत्राची वाट बघतेस? त्यांचंही मला पटलं. पोरीकडे पाहिलं की काहीही पटत होतं.

रविवारी सकाळी हिरालाल तीन माणसं घेऊन आला. दुपारपर्यंत माती निघाली, फरशी निघाली, झाकणाचे बोल्ट निघाले. झाकण सरकवल्याबरोबर असा वास आला की वेदश्रीला मी पद्माताईंच्या घरी पाठवलं. कुंदन म्हणून तिशीतला एक माणूस उतरायला पुढे झाला. मला कारण ठाऊक नव्हतं, फक्त तुमचं थरथरलेलं अक्षर डोळ्यांपुढे होतं. मी म्हटलं, दोर बांधल्याशिवाय उतरू देणार नाही. हिरालाल हसला. "बाई, आठ फुटाची तं टाकी आहे." मी विहिरीचा दोर सोडून आणला आणि स्वतः कुंदनच्या कमरेला बांधला. मामाजी, मी एवढंच केलं. आडवं यायला हवं होतं, ते केलं नाही.

तो आत उतरला. मी मनात आकडे मोजत होते. वीसपर्यंत आले असेन, तेवढ्यात तो म्हणाला, "डोकं हलकं लागून राह्यलं." मग आवाज नाही. यांनी हाक मारली. आवाज नाही. हिरालाल उतरायला धावला, तेव्हा मी त्याचा सदरा मागून धरला आणि सोडला नाही. सगळ्यांनी मिळून दोर ओढला. कुंदनची मान झाकणाच्या कडेवर आपटली, तरी ओढला. त्याचे ओठ निळे होते. अंगणात पालथा घातला तेव्हा त्याला उलटी झाली, आणि ती उलटी पाहून मी रडले. जिवंत माणसालाच उलटी होते.

आता तो शुद्धीवर आहे. काल त्याच्या बायकोनं मला विचारलं, बाई, आत काय होतं? मी तुमचं पत्र पर्समध्ये आणखी खाली सरकवलं. कटरची नळी तेव्हा जोडून तयार होती. कुंदन पडला नसता तर दहा मिनिटांत हिरालालनं तो पेटवला असता.

डॉक्टर म्हणाले, अशा ठिकाणी पहिल्याला काढायला गेलेला दुसराही मरतो. तुम्ही त्या दिवशी खाली उतरला असतात तर मला मामा राहिला नसता. हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. सहीचं मात्र तसं नाही.

पण दुसरं एक सांगायचं आहे. घरी आल्यावर हे म्हणाले, टाकीवर माती लोटू, झाकण बंद करू, कुणाला कळायला नको. गॅसनं माणूस पडला असं दवाखान्यात सांगितलंय, तेवढं पुरे. एक जोडपं घर पाहायला येतो म्हणतंय, लहान मूल आहे त्यांना. आणि मामाजी, मी नाही म्हटलं नाही. तीन दिवस झाले, पद्माताई रोज सकाळी त्याच विहिरीवर बादली सोडतात आणि मी खिडकीतून पाहते. वास त्यांनाही येतो, पण मी म्हटलंय, मोटरचं तेल गळलं, उपसलं की जाईल. खरं सांगितलं तर साऱ्या लेआउटला घरं विकणं मुश्कील होईल, सगळे आमच्या दारात येतील. नाही सांगितलं तर... मला भीती वाटते. दोन्हीकडून वाटते.

ज्योत्स्ना


रोहणा
१७ मार्च

चि. ज्योत्स्ना,

काय कर हे सांगायचा मले हक्क नाई. मी काय केलं ते सांगतो. पहिल्या दिवशी गप्प राह्यलो, ते भेवानं. दुसऱ्या दिवशी गप्प राह्यलो, कारण पहिल्या दिवशी बोललो नव्हतो. मंग दर दिवसाले तेच कारण पुरलं. सदतीस वर्षं झाली.

तू तीनच दिवसांवर आहेस.

बापूराव


पिपरी मेघे
२२ एप्रिल

ती. मामाजी,

तुमची चार ओळींची चिठ्ठी हातात घेऊनच मी पद्माताईंकडे गेले. त्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी पाण्याचा रिपोर्ट त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?" मी तारीख सांगितली. त्यांनी सूप उचललं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. अजून त्या माझ्याशी बोलत नाहीत. पण त्या दिवसापासून त्यांची बादली विहिरीत उतरली नाही.

मग ग्रामपंचायतीत अर्ज दिला, तहसीलला दिला. लोक आले, विहिरीवर लाल पट्टी बांधली, आसपासच्या बोअरचे नमुने नेले. आणखी दोन घरांच्या बोअरमध्ये डिझेल निघालं. त्या दोन घरांतली माणसं आमच्या फाटकात उभी राहून जे बोलायचं ते बोलली. हे खाली मान घालून उभे होते. नंतर मला म्हणाले, "तुझ्या मामानं पंधरा वर्षांपूर्वी हे बोलायला हवं होतं." मी म्हटलं, हो. आणि आपण पाण्याचा रिपोर्ट आला त्या दिवशी.

नागपूरहून टाक्यांचं काम करणारी माणसं आली. त्यांनी तळाशी उरलेलं सगळं तेल पंपानं ओढून टँकरमध्ये भरलं, दोन दिवस आत हवा सोडली, यंत्र लावून तपासलं, आणि तेव्हा कुठे एक माणूस तोंडाला नळी लावून उतरला. तो आत होता तितका वेळ मी घराबाहेर रस्त्यावर उभी होते. टाकी काढली तर स्वयंपाकघराची भिंत बसेल म्हणून ती धुऊन आत वाळू भरली. माती मात्र किती खोलपर्यंत भिजली आहे, ते कुणी सांगत नाही. विहीर पुढची काही वर्षं वापरायची नाही. घर पाहायला येणार होतं त्या जोडप्याला मी स्वतः फोन करून सगळं सांगितलं. ते आले नाहीत.

वेदश्रीला बारा तारखेला मुलगी झाली. वजन थोडं कमी आहे, बाकी ठीक, असं डॉक्टर म्हणतात. मी मात्र तिला अंगावर घेतलं की आधी टाळूला नाक लावून वास घेते. दुधाचाच वास येतो. तरी दुसऱ्या दिवशी परत घेते.

कुंदन कामावर जाऊ लागला. दोराचे वळ अजून त्याच्या कमरेवर आहेत.

तुम्ही नाचणगावला जाणार आहात का? मी विचारणार नव्हते. विचारते आहे.

ज्योत्स्ना


रोहणा
२ मे

चि. ज्योत्स्ना,

पोरीले अन् नातीले आशीर्वाद.

मी गेलतो. परवा सकाळच्या गाडीनं पुलगावले उतरलो, तिथून ऑटोनं नाचणगाव. रुपा संग येते म्हणाली, मी नाई म्हटलं. निघायच्या आधी तिले सगळं सांगितलं. तिनं माझा डबा भरून दिला.

सीताबाई घरीच होती. सत्तरीची असन. मले ओळखलं नाई, नाव सांगितल्यावर ओळखलं. "जिनिंगचे मिस्त्री," म्हणाली. बसायले खाट दिली. मी खाली बसलो. रस्ताभर घोकून ठेवलं होतं ते एकही वाक्य आठवलं नाई. मी म्हणालो, "तानबा दारू प्यायला नव्हता. टाकीतल्या हवेनं मेला. त्यानं उतरायले नाई म्हटलं होतं, मी उतरवलं. दारूच्या कागदावर सही माझी आहे."

मंग तिचे ओठ हलले, मले ऐकू आलं नाई. मी कान पुढं केला. तिनं जवळ येऊन विचारलं, "त्यानं कोणाले आवाज दिला का?"

ज्योत्स्ना, त्यानं आवाज दिला होता. हे मी तुलेही लिहिलं नव्हतं. वाकून पाहिलं तवा तो बसला होता हे खरं, पण त्याच्या आधी एकदा आतून हाक आली होती. मी सीताबाईले म्हणू शकलो असतो की तुमचं नाव घेतलं. एवढ्या वर्षांनी कोण तपासते? जिभेवर आलंही होतं. मी म्हणालो, "त्यानं 'मिस्त्री' म्हटलं. मले हाक मारली."

"मंग तुमी काऊन नाई गेले?"

तू डॉक्टरचं लिहिलं होतं, ते मले आठवलं. पण त्या दिवशी ते मले कुठं ठाऊक होतं? मी म्हणालो, "भेलो म्हणून."

तिनं कार्तिकले दुकानातून बोलावून घेतलं. त्याचे केसही आता पांढरे व्हायले लागले. सीताबाई मले म्हणाली, "आता याले सांगा." मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मंग तिनं दोन्ही बाजूच्या घरांतून बायांले बोलावलं, समोरच्या ओट्यावरच्या म्हाताऱ्याले बोलावलं, अन् म्हणाली, "आता बाहेर येऊन सांगा." उन्हात उभा राहून मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्या म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. सीताबाई भिंतीले टेकून ऐकत होती, रडली नाई. मी माफी मागितली तवा मान फिरवून आत गेली.

कार्तिकनं मले गाडीवर बसवून पुलगावच्या स्टँडवर सोडलं. रस्ताभर मले वाटलं, आता मारते का काय. मारलं असतं तरी चाललं असतं. गाडी बंद करून तो उतरला अन् माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "माह्या बापाचा आवाज कसा होता, ते मले आठवत नाई. तुमाले आठवते?"

मी म्हणालो, आठवते.

"मंग पुढच्या आयतवारी येजा," म्हणाला. "आणखी सांगजा."

बापूराव